टप्पा पडू द्यायचा नाही

ताईचं घर डिचोली तालुक्यात, साखळीपासून थोडं आत. घरासमोर डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे भाताचं शेत. दिवाळीच्या सुमारास कापणी आटोपली की पुढचे काही महिने त्या शेताचं मैदान होतं. बांबू रोवायचे, वर सुंभ ताणून बांधायचं, झाला गोल. शेतमालकाची अट एकच असायची, मेर म्हणजे शेताचा बांध मोडायचा नाही. त्यामुळे मैदानाच्या मधोमध वीतभर उंचीची मेर तशीच आडवी असायची आणि खेळ तिच्या दोन्ही बाजूंनी चालायचा. पायाखाली भाताचे खुंट. वरून आलेला चेंडू खुंटांत पडला तर जागीच बसायचा, मेरेवर आपटला तर कुठेही उडायचा. माझा भाचा या मैदानावर बॅक, म्हणजे बचावपटू, म्हणून उभा राहायला शिकला. अंगाने बारीक, उंच, जरा संथ. पुढे खेळणारी मुलं लहानपणीच ओळखू येतात. उरलेल्यांतला जो उंच असेल त्याला मागे उभं करतात. हा तसा उभा राहिला आणि त्याला ती जागा आवडली.

त्याच्या वडिलांचा ट्रक खाणीवर चालायचा. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. ट्रक अंगणाच्या कडेला ताडपत्री घालून उभा राहिला. आमच्या भागात त्या वर्षी दारोदारी असेच ट्रक उभे होते. भावोजी संध्याकाळी सोप्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायचे आणि पोरगा ट्रकाच्या मागच्या फाळक्यावर चेंडू मारायचा. धाडकन आवाज, चेंडू उसळून परत, त्यावर डोकं. पुन्हा धाडकन. ताई आतून ओरडायची. भावोजींनी मात्र एकदाही त्याला थांबवलं नाही. त्यांचं लक्षच नसावं असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, त्या ट्रकाचा कुणाला तरी काही उपयोग होतोय, एवढंही त्यांना त्या दिवसांत पुरत असेल.

मी गोव्यातल्या एका मराठी दैनिकात क्रीडा पानावर काम करतो. वीस वर्षं होऊन गेली. संध्याकाळी सातनंतर वार्ताहरांच्या बातम्या यायला लागतात. म्हापशाचं धुळेर, वास्कोचं टिळक मैदान, फातोर्डा, बांबोळी, नावेली. बातमी कापायची, शीर्षक द्यायचं, पान लावायचं. इतक्या वर्षांत फुटबॉलच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या ते मी मोजलेलं नाही, पण त्यांचा साचा झोपेतही सांगता येईल. अमक्याने अमक्या मिनिटाला गोल केला. तमक्याच्या पासवर केला. गोलरक्षकाने दोन फटके अडवले. या साच्यात बचावपटूचं नाव दोनच वेळा येतं: कॉर्नरवर डोक्याने गोल केला तर, नाहीतर त्याच्या चुकीमुळे गोल झाला तर.

1983-84 ची संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली. कर्णधार होते ब्रह्मानंद शंखवाळकर, गोलरक्षक. पुढे 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये पद्मश्री. त्या मानाचा एकेक कण त्यांनी कमावलेला आहे. पण मी माझ्याच कार्यालयात, गोव्याचं फुटबॉल कोळून प्यायलेल्या माणसांना, त्यांच्यापुढे बचावात उभ्या राहणाऱ्यांची नावं विचारून पाहिली आहेत. दोन नावांनंतर सगळे थांबतात.

तेराव्या वर्षी भाचा एका अकादमीच्या निवड चाचणीत निवडला गेला आणि तिथल्या वसतिगृहात राहायला गेला. तिथे त्याला जे प्रशिक्षक मिळाले ते स्वतः जुने स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. गोव्याच्या क्लब फुटबॉलमध्ये बरीच वर्षं काढलेला माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य या मुलांच्या डोक्यात बसवलं: टप्पा पडू द्यायचा नाही. वरून येणारा चेंडू हवेत असताना त्याचा मार्ग ठरलेला असतो. तो कुठे पडणार ते बघून ठरवता येतं. एकदा जमिनीला लागला की तो जमिनीचा. खुंट, खळगा, ओलावा, चिखल, कृत्रिम गवत, सगळे त्यात हात घालतात. आणि तेवढ्या वेळात समोरचा आघाडीपटू तुमच्या अंगाला अंग लावून उभा राहतो. म्हणून बॅकने पुढे जाऊन चेंडू हवेतच घ्यायचा. मागे सरकत टप्प्याची वाट बघणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता.

ऐकायला सोपं आहे. पण वरून येणाऱ्या चेंडूखाली एकदा उभं राहून बघावं. तो आपल्यापुढे पडणार की डोक्यावरून जाणार, हे पहिल्या अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. पुढे धाव घेतली आणि अंदाज चुकला तर चेंडू मागे आणि मागे फक्त गोलरक्षक. म्हणून पाय आपोआप मागे ओढतात. पुढे जाण्याचं धाडस अंगात यायला शेकडो वेळा पुढे जावं लागतं आणि त्यांतल्या काही वेळा चुकावंही लागतं. दुसरा रस्ता नाही.

अठराव्या वर्षी तो गोव्याच्या प्रो लीगमध्ये खेळायला लागला. क्लबचं नाव लिहीत नाही. तिसरा की चौथा सामना धुळेरवर होता. डिसेंबर महिना, दुपारी चारचा सामना. धुळेरवर कृत्रिम गवत आहे, तिथे चेंडू उसळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यालाही होतं. शेवटची दहा मिनिटं, बरोबरी चालू. समोरच्या गोलरक्षकाने लांब फटका मारला. ऊन तिरपं झालं होतं आणि चेंडू उन्हातून आला. हा एक पाऊल पुढे गेला, थांबला, मागे सरकला. टप्पा पडला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि मागून धावत आलेल्या मुलाने तो आरामात गोलात सारला. तो सामना मी पाहिला नाही. हे सगळं त्यानेच मला पुढे बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, जेवणाच्या ताटावर बोटाने दाखवत. इथे मी, इथे ऊन, इथे तो.

मला कळलं ते बातमीतून. साडेसातच्या सुमारास वार्ताहराची कॉपी आली. तिसऱ्या ओळीत भाच्याचं नाव. ‘बचावपटू अमुक याच्या अक्षम्य चुकीचा फायदा उठवत...’ पुढे गोल करणाऱ्याचं कौतुक. वार्ताहराचा दोष नव्हता. तो माझा भाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्याने वेगळं काय लिहायचं? गोल तसाच झाला होता.

मी त्या ओळीसमोर बराच वेळ बसून राहिलो. नाव काढून टाकणं माझ्या हातात होतं. ‘बचावफळीतील चुकीमुळे’ असं केलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण असं नाव मी आजवर कुणाचं काढलं नव्हतं. शेवटी नाव तसंच ठेवलं आणि ‘अक्षम्य’ एवढा शब्द काढला. आणि तो काढताना अंगावर काटा आला. हा शब्द मी किती वर्षं पुढे पाठवत आलो होतो! अक्षम्य चूक, घोडचूक, गलथान बचाव. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबद्दल. त्यांच्याही घरी सकाळी पेपर येत होता. अक्षम्य म्हणजे ज्याला क्षमा नाही असं. एका चेंडूचा टप्पा पडला म्हणून? मराठीतला एवढा जड शब्द आम्ही क्रीडा पानावर चण्या-फुटाण्यासारखा वाटत होतो. तेव्हापासून माझ्या पानावर तो शब्द आलेला नाही, कुणाच्याच बाबतीत. हे सगळं घरचा मुलगा त्या ओळीत आला तेव्हाच सुचलं, याचं वाईट वाटतं.

सकाळी ताईचा फोन आला. तिने बातमी वाचली होती. गोलाबद्दल काही बोलली नाही. ‘तुला काल रात्रीच माहीत होतं ना?’ एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘मग फोन करायचा. मी जागीच होते.’

त्यानंतरचे चार महिने तो एकही सामना खेळला नाही. क्लबने त्याच्या जागी वयाने मोठा, अनुभवी खेळाडू घेतला. हे मला समजतं. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर असते. आघाडीला एखादं कोवळं पोर घालून बघण्यात धोका कमी, फार तर गोल होणार नाही. बचावात कोवळं पोर घातलं आणि ते चुकलं की गोल बसतो, सामना जातो, कधी कधी नोकरीही जाते. त्यामुळे मागच्या चार जागा भरताना सगळीकडे हात आखडता घेतला जातो. पण त्यातून एक पेच तयार होतो. टॅकल कधी घालायचा आणि कधी नुसतं तिरकं उभं राहून समोरच्याला बाहेरच्या बाजूला रेटत न्यायचं, चौघांची ओळ कधी एकदम पुढे सरकवायची म्हणजे समोरचा ऑफसाइड सापडेल, पाठीमागून कोण धावतोय ते न बघता कसं ओळखायचं, हे सरावात शिकवता येतं पण सरावात मुरत नाही. सरावात समोर आपलाच मित्र असतो, त्याच्या खोडी पाठ असतात. सामन्यात अनोळखी माणूस असतो, धाप लागलेली असते, हरण्याची भीती असते. त्या भीतीत घेतलेला निर्णयच खरा. बचावपटू चुकत चुकत तयार होतो आणि चुकायला त्याला सामने लागतात. गोव्यात ते भरपूर होते, आता कमी झाले आहेत. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

जरा मागे जाऊन बघा. 2006-07 ते 2012-13 अशी सलग सात वर्षं देशाची राष्ट्रीय लीग गोव्याच्याच क्लबने जिंकली. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा गोव्याने. धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, आणि मागे उभे महेश गवळी आणि समीर नाईक. दोघेही गोव्याचे, दोघेही भारताकडून खेळलेले. माझ्या तरुणपणी गवळीला बघायला मी फातोर्ड्याला जायचो. त्याचा खेळ बघताना प्रथम काही कळायचं नाही. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. चेंडू जिथे यायचा तिथे हा आधीच उभा. मला वाटायचं, नशीबवान आहे. चार-पाच सामन्यांनंतर लक्षात आलं की सामना सुरू असताना या माणसाची मान सारखी फिरत असते. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी हा मागे, बाजूला, पुन्हा मागे बघत असतो. पुढे काय होणार ते त्याला दोन पास आधी कळलेलं असायचं.

हे असे खेळाडू कुठून आले? टाटा अकादमीसारख्या संस्थांतून आले, गावातल्या मैदानांवरून आले, पण मुख्य म्हणजे एका लीगच्या खाली दुसरी आणि तिच्या खाली तिसरी अशा पायऱ्या होत्या. अठरा वर्षांचा पोरगा एका क्लबमध्ये चुकला तर दुसरा क्लब त्याला घेत होता. खाण आणि इतर धंद्यांतून उभी राहिलेली गोव्याची घराणी हे क्लब चालवत होती. 2016 मध्ये देशातल्या लीगच्या नव्या रचनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले. त्यांची बाजू रास्त होती की नव्हती यावर आमच्या कार्यालयात अजून वाद होतात. धेंपो 2024 मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण मधली आठ वर्षं गेली ती गेली. त्या आठ वर्षांत जी मुलं अठरा, एकोणीस, वीस वर्षांची होती, त्यांच्या वाट्याच्या चुका कुठे करायच्या होत्या त्यांनी? माझा भाचा त्यांतलाच.

वरच्या पातळीवर गोष्ट आणखी अरुंद होते. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत होते. 2017-18 पासून पाच झाले, 2021-22 पासून चार. संख्या उतरत गेली हे चांगलंच झालं. पण परदेशी खेळाडूंच्या जागा ठरवताना क्लब आधी संघाच्या कण्याचा विचार करतात, म्हणजे मधला बचाव, मधली फळी आणि गोल करणारा. भारतीय पोरांसाठी बचावात उरतात त्या दोन कडा, उजवी आणि डावी. 2021 च्या एप्रिलमध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. सामने फातोर्ड्यालाच होते, कोरोनामुळे प्रेक्षकांशिवाय. कतारच्या अल रय्यानशी गोलशून्य, अमिरातीच्या अल वाहदाशी गोलशून्य. त्या रात्री मी पान लावताना शीर्षकात पहिल्यांदा बचावफळीला जागा दिली. त्या संघात सेव्हियर गामा होता, सॅन्सन परेरा होता, गोव्याचीच मुलं, आणि दोघेही कडेचे बॅक. मधल्या जागांसाठी जेम्स डोनाची आणि इव्हान गोन्झालेझ, एक ऑस्ट्रेलियाचा, एक स्पेनचा. कुणावर टीका म्हणून हे सांगत नाही, सगळेच जीव ओतून खेळले. पण आमचा पोरगा स्टॉपर होता आणि देशातल्या चांगल्या क्लबमध्ये त्याच्या जागेपुढे केवढी रांग आहे, हे मला तेव्हा दिसलं.

आणि तरी माणूस कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. आदिल खानचं उदाहरण मी भाच्याला इतक्या वेळा दिलंय की तो आता हात जोडतो. गोव्याचा पोरगा, सेसा अकादमीत घडला, खेळायचा मधल्या फळीत. मध्ये काही वर्षं तर तो विस्मरणातच गेला होता. 2019 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो भारताकडून मधला बचावपटू म्हणून उभा राहिला. सप्टेंबरात दोह्याला आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य रोखलं, त्या सामन्यात तो संदेश झिंगनच्या शेजारी होता. पुढच्याच महिन्यात कोलकात्याला बांगलादेशविरुद्ध 88 व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि आदिलचं डोकं. 1-1. कॉर्नर घेणारा गोव्याचा, डोकं लावणाराही गोव्याचा. एकतिसाव्या वर्षी. आघाडीपटू त्या वयात उतरणीला लागलेले असतात. बॅक उशिरा पिकतो, फक्त तोवर त्याला झाडावर राहू द्यायला हवं.

भाचा त्या चार महिन्यांत घरून ये-जा करत होता. पहाटे साडेपाचला उठून दुचाकीवरून जुन्या प्रशिक्षकांकडे जायचा. त्यांचा आता कुठल्या क्लबशी संबंध राहिला नव्हता. हा आपणहून गेला आणि त्यांनी आपणहून वेळ दिला, पैसे घेतले नाहीत. ते चेंडू उंच फेकायचे आणि हा पुढे जाऊन डोक्याने परत पाठवायचा. तीस चेंडू सलग. मध्ये एकाचा जरी टप्पा पडला तर मोजणी शून्यापासून. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. धुकं होतं, गवत ओलं होतं. सव्वीस झाले. सत्ताविसाव्याला तो अर्धं पाऊल उशिरा निघाला आणि चेंडू त्याच्या पुढ्यात पडला. मी डोळे मिटले. सर म्हणाले, ‘शून्य.’ आवाज चढला नाही, उतरला नाही. चेंडू पुन्हा वर गेला. ‘एक.’ मला तो आवाज विसरता येत नाही. आमच्या पेपरातला ‘अक्षम्य’ आणि सरांचं ‘शून्य’, दोन्ही एकाच चुकीबद्दल. पण ‘शून्य’ म्हटलं की पुढे ‘एक’ येतो.

एकविसाव्या वर्षी गोव्याबाहेरच्या एका क्लबने त्याला राखीव संघासाठी घेतलं. करार इंग्रजीत, बरीच पानं. ताईने तो देवापुढे ठेवला आणि मग मला वाचायला दिला. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्याला सांगण्यात आलं: मध्ये जागा नाही, उजवीकडे खेळशील का? तो हो म्हणाला. फोनवर मला म्हणाला, ‘मामा, सगळं परत शिकायचंय.’ मधल्या बॅकला दोन्हीकडून माणसं येतात. उजव्याला एका बाजूला रेषाच असते, तिचा उपयोग करायला शिकावं लागतं. समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने धावणाऱ्या आघाडीपटूला, त्या रेषेकडे ढकलत न्यायचं, म्हणजे रेषाच त्याला अडवते. शिवाय वर जाऊन क्रॉस टाकायचा आणि चेंडू हरवला की साठ-सत्तर मीटर मागे धावायचं. आमचा संथ पोरगा. वर्षभरात मांड्या अशा झाल्या की जुन्या पँटी चढेनात.

सुट्टीत घरी आला तेव्हा एक गंमत बघितली. चवथीचे दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, सगळे आरतीला उभे. हा टाळ वाजवतोय आणि मान सारखी मागे वळतेय. उजव्या खांद्यावरून, डाव्या खांद्यावरून. ताईने विचारलं, कुणाला शोधतोस रे? त्याला स्वतःला माहीतच नव्हतं तो असं करतो ते. मला एकदम फातोर्ड्याचा गवळी आठवला. मी कुणाला काही बोललो नाही, पण त्या आरतीत माझं लक्ष राहिलं नाही.

मुख्य संघातून तो पहिल्यांदा उतरला तो सामना आम्ही ताईच्या घरी टीव्हीवर पाहिला. भावोजी खुर्चीच्या टोकावर. शेवटची सात मिनिटं मिळाली, जादा वेळ धरून. संघ एका गोलने पुढे होता, ते राखायला याला पाठवलं. समालोचकाने नाव एकदाच घेतलं. एक थ्रो-इन, एक डोक्याने मारलेला चेंडू, तोही हवेतच, आणि एकदा विंगरला कोपऱ्याकडे नेऊन अडकवून ठेवलं ते पंधरा-वीस सेकंद. सामना संपला. भावोजी म्हणाले, ‘झालं?’ मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, तर ताईच म्हणाली, ‘तो डावीकडचा मुलगा वर गेला ना, तेव्हा हा आपला मागे थांबला. मघाशी तो मागे होता तर हा वर गेला. दोघं बोलून करतात का असं?’

मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिलो. एक कडेचा बॅक वर गेला की दुसऱ्याने मागे राहून तोल सांभाळायचा, हे समजायला मला क्रीडा पानावर कितीतरी वर्षं लागली होती. आणि ही बाई, जिला ऑफसाइड अजून कळत नाही, तिने सात मिनिटांत ते टिपलं. कारण ती चेंडू बघतच नाही. सगळा सामना ती फक्त तिच्या मुलाकडे बघते. त्यामुळे तिला एकही गोल दिसत नाही, गोल झाला की आमच्या ओरडण्याने कळतो. पण चेंडू नसताना तो कुठे उभा होता, कुणाला हात करून काय सांगत होता, कधी दमून कमरेवर हात ठेवले, हे सगळं तिला पाठ असतं. मी बातमीच्या साच्यातून फुटबॉल बघत आलो, म्हणजे चेंडूच्या मागे मागे. तेव्हापासून मी मैदानावर गेलो की पहिली दहा मिनिटं एक बॅक निवडतो आणि ताईसारखा फक्त त्याच्याकडे बघतो. माझ्या बातम्यांत त्यामुळे थोडा फरक पडला आहे. वार्ताहरांना मी आता विचारतो, गोल झाला नाही तो कुणामुळे? सुरुवातीला ते चक्रावले. आता काहीजण आपणहून एखादी ओळ लिहून पाठवतात.

यंदा मे महिन्यात तो पंधरा दिवस घरी होता. पुढचा करार अजून ठरायचाय. तो त्याबद्दल बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की शेतात पोरं जमायची. नांगरणीला अजून वेळ होता. खुंट झिजून गेलेले, जमीन कडक. मेर होती तिथेच. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा, अंगाने बारीक, उंच, रोज याच्या मागे लागायचा. एक दिवस याने त्याला मेरेपाशी उभं केलं आणि स्वतः चेंडू घेऊन वीस पावलं लांब गेला. मी सोप्यावर भावोजींच्या शेजारी बसून बघत होतो. चेंडू वर, पोरगा पुढे, डोकं. ‘एक.’ चेंडू वर. ‘दोन.’ अकरापर्यंत गेले. बाराव्याला पोरगा थबकला, एक पाऊल मागे आला. चेंडू मेरेच्या कडेला आपटून थेट रस्त्यावर गेला. पोराने मान खाली घातली आणि चेंडू आणायला पळाला. एक टेंपो येत होता, भावोजी उठून उभे राहिले, हात करून त्यांनी टेंपो थांबवला.

पोरगा चेंडू घेऊन परत आला. तोंड पडलेलं. भाच्याने चेंडूवरची माती बनियनला पुसली.

‘शून्य,’ तो म्हणाला, आणि मागच्यापेक्षा जरा उंच फेकला.